निर्वात टोपीच्या उपकरणाने ताण देताना शिश्नाच्या त्वचेला येणारे फोड, ठिपके आणि सूज कशी टाळावी?

प्रश्न : कुडाळचा_वाचक

नमस्कार. माझे वय पन्नाशीच्या पुढे आहे. गेल्या वर्षी मला पेरोनी विकाराचे निदान झाले. म्हणजे शिश्नाच्या वरच्या बाजूला आतील तंतुमय आवरणात एक कडक पट्टा तयार झाला आणि ताठरतेच्या वेळी वाक येऊ लागला. सुरुवातीचे दुखणे ओसरल्यावर मूत्रशल्यतज्ज्ञांनी ताण देणारे उपकरण रोज वापरण्याचा सल्ला दिला. पट्ट्याने पकडणारे उपकरण मुंडाच्या (शिश्नाच्या पुढच्या बोंडाच्या) मागच्या खोबणीत रुतायचे आणि मुंड बधिर पडायचे, म्हणून त्यांच्याच संमतीने मी निर्वात टोपीचे उपकरण घेतले. त्यात मुंडावर पारदर्शक टोपी बसते, टोपीवरची रबरी स्लीव्ह शिश्नावर उलटवली जाते, बारीक नळीतून आतील हवा काढली जाते आणि मग टोपी दांड्यांच्या चौकटीला जोडून हळूहळू ताण वाढवला जातो.

बधिरपणा गेला, परंतु त्वचेच्या तक्रारी सुरू झाल्या. मूत्रमार्गाच्या तोंडाजवळ वाटाण्याएवढा, स्वच्छ पाण्याने भरलेला फोड आला. मुंडावर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके उठतात आणि अग्रत्वचेला (मुंड झाकणाऱ्या सैल कातडीला) संध्याकाळपर्यंत फुगवटा राहतो. सध्या मी वापर थांबवला आहे. हृदयविकाराच्या प्रतिबंधासाठी मी कमी मात्रेची अ‍ॅस्पिरिन घेतो, मधुमेह नाही.

माझे प्रश्न असे आहेत. हवा नेमकी किती काढावी? मुंडाला कागदी चिकटपट्टी लावण्याचा सल्ला अनेक ठिकाणी वाचला, तो योग्य आहे का? अग्रत्वचा पुढे ठेवावी की मागे घ्यावी? आणि आलेल्या फोडाचे काय करावे? डॉक्टरांची पुढची भेट अजून दूर आहे. कृपया माहितगारांनी सविस्तर लिहावे. थट्टा करणाऱ्यांनी हा धागा सोडून द्यावा, ही विनंती.

उत्तर : त्वचावैद्य_सांगली

आपल्याला आलेला फोड घासल्याचा किंवा भाजल्याचा नाही, तो चोषणाचा फोड आहे. तो कसा तयार होतो हे आम्हा त्वचारोगतज्ज्ञांना चांगले ठाऊक असते, कारण कोडाच्या शस्त्रक्रियेसाठी आम्ही तो मुद्दाम तयार करतो. रुग्णाच्या मांडीवर किंवा पोटावर सिरिंजचे तोंड अथवा लहान कप ठेवून हवा खेचली जाते. साधारणपणे २०० ते ५०० मिलिमीटर पाऱ्याइतका ऋण दाब (म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा तितका कमी दाब) दीड ते तीन तास टिकवला की बाह्यत्वचा खालच्या त्वचेपासून अलगद सुटते, मधल्या पोकळीत पाणी भरते आणि वरचा पापुद्रा कापून पांढऱ्या डागावर लावता येतो. उर्पो कीस्ताला आणि मुस्ताकाल्लिओ या फिनलंडमधील संशोधकांनी १९६४ मध्ये चोषणाने बाह्यत्वचा सुटी करण्याचे तंत्र मांडले आणि आपल्याकडील अनेक त्वचारोग विभागांत ते आजही साध्या सिरिंजने केले जाते. आपल्या उपकरणाची टोपी आणि आमची सिरिंज यांत भौतिकदृष्ट्या फारसा फरक नाही. फरक असलाच तर तो आपल्या विरोधात जातो, कारण अग्रत्वचेखाली वर्षानुवर्षे झाकलेल्या मुंडाची त्वचा मांडीच्या त्वचेपेक्षा पातळ आणि ओलसर असते.

या शस्त्रक्रियेच्या अनुभवातून आपल्या उपयोगाच्या काही गोष्टी निघतात. पहिली अशी की, फोड केवळ दाबामुळे येत नाही. दाब आणि वेळ यांच्या संयोगाने येतो. मध्यम दाबही अखंड तासन्‌तास राहिला तर त्वचा सुटते, आणि तोच दाब मध्येमध्ये पूर्ण सोडला तर ऊतींत साचू लागलेले पाणी परत फिरते. म्हणून ‘इतका दाब सुरक्षित’ असा एकच आकडा मी सांगणार नाही. जेवढ्याने टोपी निसटत नाही तेवढा किमान दाब ठेवावा आणि अखंड वापराची मुदत सुरुवातीला पंधरा-वीस मिनिटांपलीकडे नेऊ नये. तितक्या वेळाने टोपी काढावी, मुंडाचा रंग पूर्ववत गुलाबी होतो का ते पाहावे, बोटाच्या स्पर्शाची जाणीव नेहमीसारखी आहे का ते तपासावे आणि त्यानंतरच दुसरी फेरी करावी. त्वचा अनेक दिवस निर्वेध राहिली तरच मुदत वाढवावी. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका युरोपीय चाचणीत निर्वात पकडीचेच उपकरण पेरोनीच्या रुग्णांना दिवसाला ३ ते ८ तास, १२ आठवडे वापरायला दिले होते. हे आकडे वाचून काही जण पहिल्याच आठवड्यात तेवढे तास गाठायला जातात. ती एकूण बेरीज आहे, एका बैठकीची मुदत नव्हे.

दुसरी गोष्ट उष्णतेची. त्वचा गरम असेल तर चोषणाचा फोड लवकर येतो. शस्त्रक्रियेत फोड लवकर यावा म्हणून आम्ही त्या जागेला मुद्दाम ऊब देतो. परस्परांना सल्ले देणाऱ्या मंडळींत मात्र उपकरण वापरताना गरम पाण्याची पिशवी किंवा दिव्याची ऊब घेण्याची प्रथा आहे, कारण उबेने ऊती सैल होतात अशी त्यांची समजूत असते. ताणाला मदत व्हायची तेव्हा होवो, फोड मात्र नक्कीच लवकर येईल. कोकणातील मे महिन्याच्या दुपारी, जाड कपड्यांखाली उपकरण घालून बसणे हाही याच दोषाचा सौम्य प्रकार समजावा.

लाल ठिपके म्हणजे केशवाहिन्या फुटून त्वचेत झिरपलेले रक्त. बोटाने दाबले तरी ते पांढरे पडत नाहीत. अ‍ॅस्पिरिनमुळे ते अधिक सहज उठतात, परंतु म्हणून अ‍ॅस्पिरिन स्वतःहून बंद करण्याचा विचारही करू नये. तिच्यामागचे कारण या उपचारापेक्षा मोठे आहे. ठिपके काही दिवसांत मावळतात, तोवर वापर थांबवावा. ते वारंवार उठू दिले तर रक्तातील लोह त्वचेत साठून तपकिरी झाक राहते, आणि आपल्यासारख्या सावळ्या त्वचेत दाहानंतर येणारे काळपट डाग महिनोन्‌महिने टिकतात. टोपीच्या कडेच्या जागी अशी काळी गोल रेघ उमटलेले रुग्ण मी पाहिले आहेत. बहुतेकांना तिची काळजी मूळ विकारापेक्षा जास्त वाटत होती. ज्यांना स्वतःला किंवा कुटुंबात कोड अथवा लायकेन प्लॅनस (खाजऱ्या, जांभळट पुटकुळ्यांचा त्वचाविकार) आहे, त्यांनी अधिक जपावे, कारण या विकारांत इजा झालेल्या जागीच नवे डाग उठण्याची प्रवृत्ती असते.

आता आलेल्या फोडाविषयी. तो फोडू नये. वरचा पापुद्रा हेच खालच्या कोवळ्या त्वचेचे सर्वोत्तम आवरण आहे. साध्या पाण्याने धुऊन हलकेच टिपून घ्यावे आणि पेट्रोलियम जेलीचा पातळ थर लावावा. तो आपोआप फुटला तर पापुद्रा ओढून काढू नये. त्यावर न चिकटणारी जंतुरहित जाळीदार पट्टी हलकीशी ठेवता येते. जंतुनाशक द्रावण पाणी न घालता लावणे, हळद किंवा टूथपेस्ट लावणे, हे सर्व टाळावे. दुकानदाराने हाती ठेवलेली, स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक एकत्र असलेली मलमे मुळीच लावू नयेत. या मलमांनी जांघेतील आणि शिश्नावरील त्वचा पातळ झालेले रुग्ण आमच्याकडे रोज येतात, आणि अशा पातळ त्वचेवर निर्वात उपकरण लावले तर ती फोड न येताच फाटू शकते. लालसरपणा पसरू लागला, पू दिसला, ताप आला किंवा लघवी करताना आग होऊ लागली, तर पुढच्या भेटीची वाट न पाहता जवळच्या डॉक्टरांना दाखवावे.

चिकटपट्टीच्या सल्ल्यात थोडे तथ्य आहे. पट्टी त्वचेला बाहेरून आधार देते, त्यामुळे त्या जागी फोड उशिरा येतो. परंतु मुंडाच्या त्वचेवरून पट्टी कोरडी ओढून काढली तर तिच्याबरोबर बाह्यत्वचेचा थरही निघतो, आणि मग एक इजा टाळण्यासाठी दुसरी करून घेतल्यासारखे होते. लावायचीच असेल तर मूत्रमार्गाचे तोंड झाकणारा लहानसा तुकडा लावावा आणि काढताना कोमट पाण्यात भिजवून, चिकटपणा सुटल्यावरच काढावा. शिश्नाभोवती पूर्ण वेढा कधीही देऊ नये, कारण सूज आली की तोच वेढा फास ठरतो.

उत्तर : दाबमापक

मी वैद्य नाही. आयुष्यभर यंत्रशाळेत निर्वात पंप आणि झडपांशी संबंध आला. वरच्या उत्तरातील ‘किमान दाब ठेवावा’ हे वाक्य अमलात आणताना एक तांत्रिक अडचण येते आणि तिच्याकडे बहुतेकांचे लक्ष जात नाही, म्हणून लिहितो.

टोपीतील ऋण दाब केवळ पंपावर ठरत नाही, लावलेल्या ताणावरही ठरतो. टोपीला चौकट पुढे ओढते, मुंड मागे राहू पाहते, आणि त्यांना एकत्र धरून ठेवणारी मुख्य गोष्ट म्हणजे आतला आणि बाहेरचा यांच्यातील दाबाचा फरक. ताण वाढवला की टोपी किंचित पुढे सरकते, आतील पोकळी वाढते आणि पंपाला हात न लावताही ऋण दाब वाढतो. हा हिशेब सोपा आहे: ताणाला टोपीच्या आडव्या छेदाच्या क्षेत्रफळाने भागावे. एक किलोचा ताण आणि ३.५ सेंटिमीटर व्यासाची टोपी असेल तर सुमारे ७६ मिलिमीटर पाऱ्याचा फरक लागतो; व्यास ३ सेंटिमीटर असेल तर सुमारे १०४, आणि २.५ सेंटिमीटर असेल तर सुमारे १५०. स्लीव्हच्या घर्षणाने यातील काही भार उचलला जातो, तरी दिशा तीच राहते. म्हणजे टोपी एक माप लहान निवडली की त्याच ताणासाठी मुंडाच्या त्वचेला जवळजवळ दीडपट दाब सोसावा लागतो. ज्यांना फोड येतात त्यांनी पंपाशी खटपट करण्याआधी चौकटीचा ताण एक पायरी कमी करून पाहावा. अनेकदा तेवढ्यानेच काम भागते.

टोपी मोठी घेऊन प्रश्न सुटतो असेही नाही. त्वचा जिथे टोपीच्या भिंतीला टेकलेली असते तिथे भिंत तिला आधार देते, आणि जिथे मोकळी पोकळी असते तिथे ती आत खेचली जाऊन फुगते. आपला फोड मूत्रमार्गाच्या तोंडाजवळ आला, यावरून टोपीच्या टोकाशी रिकामी जागा राहते असा माझा तर्क आहे. मुंड टोपीत पूर्ण बसले पाहिजे आणि हवा काढण्यापूर्वीच बहुतेक पोकळी भरलेली असली पाहिजे. काही उत्पादक टोपीच्या आत मऊ सिलिकोनचा पडदा किंवा वेगवेगळ्या जाडीच्या गाद्या देतात, त्या यासाठीच असतात. ‘आराम मिळावा म्हणून दिल्या आहेत’ असे समजून त्या खोक्यात ठेवून देऊ नयेत. टोपी स्वतः कापून किंवा घासून मापात आणण्याचा उद्योग करू नये. कापलेली कड कितीही पॉलिश केली तरी तिथे ताण एकवटतो.

आता मापकाविषयी. बाजारातील स्वस्त पंपांच्या तबकडीवर बऱ्याचदा दोन वर्तुळे असतात. एकावर शून्य ते ७६ असे सेंटिमीटर पाऱ्याचे आकडे आणि दुसऱ्यावर शून्य ते ३० असे इंच पाऱ्याचे आकडे असतात. पहिल्या वर्तुळावरील १० म्हणजे १०० मिलिमीटर, दुसऱ्यावरील १० म्हणजे २५४ मिलिमीटर. इंटरनेटवर कोणी ‘पाचवर ठेवा’ म्हणाले तर त्याचा अर्थ ५० किंवा १२७ असा काहीही होऊ शकतो. किलोपास्कलमध्ये वाचत असाल तर आकड्याला ७.५ ने गुणले की मिलिमीटर मिळतात. एककाशिवाय दिलेला आकडा वाचूच नये, हे मी नवशिक्या कामगारांनाही सांगत असे.

फ्रिज दुरुस्तीचा किंवा मोटारीच्या ब्रेकचा हातपंप या कामाला जोडणारे महाभाग आहेत. तो पंप काही सेकंदांत ५०० मिलिमीटरच्या पुढे जातो. टोपीतील पोकळी इतकी लहान असते की, एका खेचीत काटा कुठे जाईल हे हाताला कळतच नाही. ताठरतेच्या दोषासाठी वापरल्या जाणाऱ्या निर्वात नळ्यांच्या बाबतीत अमेरिकन यूरॉलॉजिकल असोसिएशनच्या मार्गदर्शक तत्त्वांनी दाबमर्यादक असलेलेच उपकरण वापरावे असे स्पष्ट सांगितले आहे. ताणाच्या टोपीलाही तोच नियम लावावा. आपल्या उपकरणाला लहान फुगा किंवा बारीक सिरिंज असेल तर तेच ठेवा, आणि झडप एका हाताने, न बघता, लगेच सोडता येते का याचा सराव उपकरण अंगावर नसताना करून घ्या.

उत्तर : वॉर्डातला_ब्रदर

मी मूत्रविकार कक्षात ब्रदर म्हणून काम करतो. वरच्या दोघांनी मुंडाविषयी नीट लिहिले आहे, म्हणून मी अग्रत्वचेपुरते लिहितो. सुंता न झालेल्या पुरुषांत या उपकरणांचा सर्वांत तातडीचा धोका तिथेच असतो, आणि माहितीपत्रकांत त्याविषयी एखादी ओळ असली तर असते.

अग्रत्वचा पुढे राहून टोपीच्या कडेखाली किंवा टोपीच्या आत सापडली तर चोषणाने तीच सर्वांत आधी फुगते, कारण तिच्यातील ऊती अत्यंत सैल असतात आणि पाणी त्यांत भराभर साचते. आपला संध्याकाळचा फुगवटा बहुधा याचाच आहे. म्हणून टोपी बसवताना मुंड मोकळे होईल एवढीच अग्रत्वचा हलकेच मागे घ्यावी आणि स्लीव्ह उलटवताना ती पुन्हा टोपीत ओढली जात नाही याकडे लक्ष द्यावे. तिला जोराने मागे ताणूनही ठेवू नये, कारण मुंडाच्या खालच्या बाजूची बारीक पट्टी त्याने फाटते आणि तिच्यातील रक्तवाहिनीमुळे रक्तस्राव पाहणाऱ्याला घाबरवण्याइतका होतो. ज्यांची अग्रत्वचा मुळातच घट्ट आहे आणि सहज मागे येत नाही, त्यांनी आधी डॉक्टरांना दाखवावे. तोपर्यंत हे उपकरण त्यांच्यासाठी नाही.

टोपी काढल्यावर पहिले काम म्हणजे अग्रत्वचा पुन्हा मुंडावर आणणे. ती मागेच राहिली आणि सूज आली तर मुंडाच्या मागे तिचा पट्टा आवळतो, सूज वाढते, आवळणे आणखी वाढते आणि काही तासांत मुंडाचा रक्तपुरवठा धोक्यात येतो. तसे झालेच तर घाबरून ओढाताण करू नये. मुंड आणि सुजलेली त्वचा थंड ओल्या कापडासह मुठीत धरून पाच-दहा मिनिटे सावकाश, सलग दाबावी; सूज उतरली की अंगठ्यांनी मुंड मागे ढकलत त्वचा पुढे आणावी. एवढ्याने जमले नाही तर त्याच वेळी रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जावे, मग रात्रीचे दोन का वाजलेले असेनात. सकाळपर्यंत थांबून आलेल्या रुग्णांना कधीकधी त्वचेवर छेद द्यावा लागतो. लाजेपोटी लोक थांबतात. आम्हाला मात्र अशा तक्रारीचे काही नवल नसते, एवढे खात्रीने सांगतो.

उपकरण घालून झोपू नये. झोपेत पुरुषाला रात्रीतून अनेकदा नैसर्गिक ताठरता येते. स्लीव्ह आणि टोपी शिथिल अवस्थेच्या मापाने बसवलेली असतात, त्यामुळे ताठरता आल्यावर तीच आवळतात, आणि झोपेमुळे दुखण्याचा इशाराही मिळत नाही. याच कारणासाठी बधिर करणारी जेली किंवा फवारा वापरून उपकरण लावणे धोक्याचे आहे. दुखणे दाबून टाकले की उपकरण कधी काढायचे हे सांगणारे कोणी उरत नाही. ज्यांना मधुमेहामुळे त्या भागाची जाणीव कमी झाली आहे, त्यांची अवस्था कायमच अशी असते. त्यांनी घड्याळ लावून आणि डोळ्यांनी पाहूनच वापर करावा. दारू पिऊन वापरणे याच वर्गात मोडते.

आणखी एक सूचना विदर्भातील आणि नंदुरबारकडील वाचकांसाठी, कारण तिकडे सिकलसेलचे, म्हणजे तांबड्या रक्तपेशींच्या आनुवंशिक विकाराचे, प्रमाण जास्त आहे. सिकलसेल असणाऱ्यांना दीर्घकाळ न उतरणाऱ्या, वेदनादायक ताठरतेचा धोका मुळातच असतो. त्यांनी रक्ताची तपासणी आणि डॉक्टरांचा सल्ला यांशिवाय कोणत्याही निर्वात उपकरणाच्या वाटेला जाऊ नये.

उत्तर : मी_पण_वापरतो

मीही पेरोनीसाठीच निर्वात टोपी वापरतो, त्यामुळे केवळ वापरातील बारकावे लिहितो. स्लीव्ह सर्वांत जास्त त्रास मुळाशी देते, कारण तिथले केस तिच्याखाली सापडतात आणि प्रत्येक हालचालीला मुळासकट उपटले जातात. वस्तऱ्याने साफ केल्यावर खुंट उगवताना पुटकुळ्या आल्या, म्हणून मी कात्रीने आखूड करतो. स्लीव्ह शेवटी गुंडाळीसारखी जमा होऊ देऊ नये. ती गुंडाळी कडक कड्यासारखी आवळते. ती सपाट पसरून ठेवावी आणि सैल पडू लागली की बदलावी. जुनी, चिरलेली स्लीव्ह हवा गळू देते, मग माणूस पुन्हापुन्हा पंप करतो आणि दाब नकळत वाढतो.

खोबरेल तेल लावून स्लीव्ह सरकवण्याचा मोह होतो, परंतु तेलाने लॅटेक्स फुगते आणि फाटते. स्लीव्ह सिलिकोनची असेल तर सिलिकोनयुक्त वंगणाने ती चिकट होते. पाण्यावर आधारित वंगणाचा एखादा थेंब पुरतो; जास्त लावले तर पकड सुटते आणि पुन्हा दाब वाढवण्याची वेळ येते. वापरानंतर टोपी व स्लीव्ह सौम्य साबणाने धुऊन पूर्ण वाळवतो. पावसाळ्यात हे विशेष पाळावे लागते, कारण ओलसर टोपीमुळे मुंडाला खाज सुटून पांढरट थर येऊ लागला तर ती बुरशीची लागण असते, आणि तशा त्वचेवर पुन्हा टोपी चढवणे शहाणपणाचे नाही. लॅटेक्सची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी सिलिकोनच घ्यावे.

जाता जाता, ‘लांबी वाढवा’ छापाच्या जाहिराती पाहून हे उपकरण घेणाऱ्यांविषयी. या धाग्यावर तसे कोणी येईलच. १५ हजारांहून अधिक पुरुषांच्या मोजमापांचा जो आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात ताठर अवस्थेतील सरासरी लांबी सुमारे १३ सेंटिमीटर निघाली. आपण सरासरीपेक्षा कमी आहोत असे मानणारे बहुतेक जण या आकड्याच्या आसपासच असतात. विकार नसताना त्वचेचे एवढे धोके पत्करावे का, हे ज्याचे त्याने ठरवावे. माझे मत विचाराल तर नको.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद : कुडाळचा_वाचक

सर्वांचे मनापासून आभार. ‘दाबमापक’ यांनी केलेला तर्क बरोबर निघाला. टोपीच्या टोकाशी बोटभर जागा रिकामी राहत होती आणि सोबतची मऊ गादी मी बसवलेलीच नव्हती. दोन शंका उरल्या आहेत. फोड बरा झाल्यावर वापर पुन्हा केव्हा आणि कसा सुरू करावा? दुसरे, शिश्नाच्या वरच्या बाजूला त्वचेखाली एक दोरीसारखी कडक रेघ हाताला लागते. पेरोनीचा पट्टा खोल आहे, ही मात्र त्वचेबरोबर सरकल्यासारखी वाटते. ही त्वचेची इजा आहे का?

उत्तर : त्वचावैद्य_सांगली

आधी दुसऱ्या शंकेविषयी. दोरीसारखी, वरवर जाणवणारी रेघ ही बहुधा वरच्या बाजूच्या उथळ शिरेत रक्त गोठल्याची खूण असते. याला मोंडोर विकार म्हणतात, आणि ताण किंवा आवळणूक हे त्याचे ओळखीचे कारण आहे. बहुतेकांत ती काही आठवड्यांत आपोआप मऊ पडते. मात्र हात न लावता केलेले निदान निदान नसते. शिवाय पेरोनीचा पट्टा आधीच असलेल्या रुग्णात नवी कडक जागा आढळली तर ती मूत्रशल्यतज्ज्ञांनी पाहणे आवश्यक आहे. गरज भासल्यास ते डॉप्लर सोनोग्राफी (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) करतील. तोपर्यंत उपकरण आणि संभोग दोन्ही बंद ठेवावेत, आणि त्या रेघेला चोळू नये. यासाठी ठरलेल्या भेटीची वाट पाहू नका, दूरध्वनी करून भेट अलीकडे घ्या.

वापर पुन्हा सुरू करण्यासाठी दिवस मोजण्यापेक्षा त्वचा पाहावी. नवी त्वचा आधी चकचकीत, तांबूस आणि हुळहुळी असते. ती आजूबाजूच्या त्वचेसारखी दिसू लागेपर्यंत आणि कपड्याचा स्पर्श नकोसा वाटणे थांबेपर्यंत थांबावे. याला साधारण दोन आठवडे लागतात, काहींना जास्त. डॉक्टरांनी त्या रेघेविषयी हरकत नाही असे सांगितल्यावर गादी बसवून, चौकटीचा ताण सर्वांत खालच्या पायरीवर ठेवून, केवळ काही मिनिटांच्या फेरीने सुरुवात करावी. त्याच जागी पुन्हा फोड आला तर टोपीचा आकार आपल्याला मानवत नाही असे समजावे. पेरोनीसाठी पट्टीच्या वा पकडीच्या रचनेत बदल केलेली, दिवसाला अर्धा ते दीड तास वापरायची उपकरणेही आता उपलब्ध आहेत. त्यांविषयी आपल्या मूत्रशल्यतज्ज्ञांना याच भेटीत विचारून घ्या, आणि जाताना टोपी, स्लीव्ह व पंप सोबत घेऊन जा, म्हणजे माप तिथेच तपासता येईल.